मे महिन्यातली कपाशी आणि गुलाबी बोंडअळी

आमच्या खान्देशात पाण्याची सोय असलेले शेतकरी मे महिन्यातच ठिबकवर कपाशी लावतात, आणि गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की बियाण्याला दोष देण्याआधी या लागवडीकडे पाहावे, असे माझे मत आहे. या अळीचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करड्या-तपकिरी रंगाचा आणि निशाचर असल्याने सहसा नजरेस पडत नाही. पाऊस सुरू होताना सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पतंगांना शेतात पात्या (कपाशीच्या फुलकळ्या) आणि फुले मिळाली नाहीत, तर पुढची पिढी न वाढताच ते मरून जातात. मेमधल्या कपाशीला मात्र नेमक्या त्याच सुमारास पात्या लागू लागलेल्या असतात. काही हंगामांत १ जूनपूर्वी बियाणे विक्रीवर बंदी घातली गेली ती यासाठीच, आणि त्या बंदीवर आपल्याकडे रागच जास्त झाला.

पाकळ्या उमलण्याऐवजी एकमेकींना रेशमाने चिकटून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली, की ती सोलून पाहावी. आत बहुधा अळी सापडते. बोंडाचे मात्र तसे नाही. नुकतीच अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडल्यावरच पोखरलेली सरकी, डागाळलेली रुई आणि क्वचित दोन सरक्या जोडून त्यांत बसलेली गुलाबी अळी दिसते. अशा बोंडावर कितीही महागडी फवारणी केली तरी औषध आतपर्यंत पोचत नाही, आणि वेचणीला हाती कवडीच, म्हणजे किडका, डागाळलेला कापूसच लागतो.

भारतात बीटी वाण, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेले बियाणे, २००२ साली एका जनुकाचे आणि २००६ साली दोन जनुकांचे आले. दोन्हींना ही अळी पुरून उरली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका सोसला. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून पाकिटासोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे लावण्याचा कंटाळा आपणच केला, हेही खरेच.

निगराणीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री ८ पतंग अडकले तर उपाय सुरू करावा. तरीही माझा अधिक भर फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखणे) न घेण्यावर आहे: डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नये आणि रुई-सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत, कारण सरकीत दडलेली अळी तिथेच मुक्कामाला असते.