आमची वाटचाल: चकाकी आणण्यापासून ती टिकवण्यापर्यंत

सायकलच्या फ्रेमला रंग देणारे पुष्कळ आहेत. आम्ही तो काढतो. खालचा धातू उघडा करून त्यात आपला चेहरा दिसेल इतकं पॉलिश करायचं आणि मग ते मंदावू द्यायचं नाही, हे आमचं काम. यातला पहिला भाग मेहनतीचा आहे, पण आमचा धंदा उभा राहिला तो दुसऱ्या भागावर.

सुरुवात बफिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणण्याच्या, लहानशा युनिटने झाली. मी आणि माझा मेहुणा, दोघेच. स्टेनलेस स्टीलच्या पाइप-फिटिंगची जॉबवर्कची कामं घ्यायचो. मेहुण्याचा हात आधीपासूनच या कामात बसलेला. मॉपवर, म्हणजे त्या फिरत्या मऊ चाकावर, दाब जास्त पडतोय की कमी, हे तो मशीनच्या आवाजावरून सांगतो. मग एका सायकलस्वाराने ॲल्युमिनियमची फ्रेम आणली आणि सांगितलं, रंग नको, नुसता धातू हवा. आम्ही रंग उतरवला, ४०० नंबरच्या सँडपेपरपासून बारीक होत २००० पर्यंत घासत गेलो, मग सिसल या काथ्यासारख्या धाग्याचा मॉप, शेवटी मऊ सुती मॉप. फ्रेम देखणी झाली. काही महिन्यांनी तो पुन्हा पॉलिशला आला तेव्हा वरच्या नळीवर घामाचे ओघळ उमटले होते, पेडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटखाली पांढुरके ठिपके होते आणि बाकी सगळीकडे राखाडी झाक.

पुन्हा बफिंग करून देणं सोपं होतं. पण मेहुण्याने तेव्हा जे म्हटलं त्यावर आम्ही आजही चालतो: प्रत्येक पॉलिश थोडा धातू खातं. चांगल्या फ्रेमच्या नळ्या बटेड असतात, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ. मधली जाडी कित्येकदा १ मिलिमीटरच्याही आत असते. मॉपने धातू जातो तो अगदी मायक्रोमीटरमध्ये, पण डाग खोल गेला की पुन्हा पेपरवर यावं लागतं, आणि पेपर बऱ्यापैकी धातू काढतो. म्हणून चकाकी जपणं हा आमच्या लेखी फ्रेमच्या आयुष्याचा प्रश्न आहे. प्रत्येक फ्रेमचं आम्ही कार्ड ठेवतो आणि तिच्यावर कधी पेपर मारला ते त्यात लिहितो. जोडांवरचे वेल्डचे मणी तर आम्ही कधीच घासून सपाट करत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ॲल्युमिनियम मंद का पडतं, याबद्दल बराच गैरसमज आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, हे खरं. पण तो थर काही नॅनोमीटर जाडीचा आणि पारदर्शक असतो, आणि खालच्या धातूला तोच सांभाळतो. बिघाड होतो तो हा थर मोडला की. घामातलं आणि समुद्रावरच्या हवेतलं मीठ त्याला जागोजागी भेदतं. साधारण पीएच ४ ते साडेआठच्या दरम्यान तो टिकतो. त्याबाहेरच्या द्रावणात विरघळायला लागतो. चेन धुवायचे कित्येक डीग्रीझर चांगलेच अल्कलीयुक्त असतात, आणि चेनवरून उडालेले थेंब थेट चेनस्टेवर, म्हणजे चेनलगतच्या मागच्या नळीवर, बसतात. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरणाऱ्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांच्या फ्रेम सर्वांत वाईट अवस्थेत येतात, कारण घाम एकाच जागी टपकत राहतो आणि तो सुकवायला वारा नसतो.

क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारून टाका, हे सगळ्यांनाच आधी सुचतं. असे कोट मारलेल्या फ्रेम आमच्याकडे कोट उतरवायला येतात, आणि त्यांनीच आम्हाला खूप शिकवलं. आरशासारख्या पृष्ठभागावर लॅकरला पकडच मिळत नाही. पकड मिळावी म्हणून खरवडलं तर आरसा गेला. पहिला खडा उडून टवका निघाला की तिथून ओल आत शिरते आणि कोटखाली दोऱ्यासारखी गंज पसरत जाते. वरून घासून काहीच होत नाही. नखाएवढ्या डागासाठी अख्ख्या फ्रेमचा कोट उतरवावा लागतो.

ॲनोडायझिंगबद्दल, म्हणजे विजेच्या मदतीने ऑक्साइडचा थर जाड करण्याबद्दल, आम्हाला आदर आहे. टिकाऊपणात त्याला तोड नाही. पण ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर त्याने आरशाची धार थोडी बोथट होते, आणि वेल्डिंगला ४०४३ ची तार वापरली असेल तर तिच्यातल्या सुमारे ५ टक्के सिलिकॉनमुळे प्रत्येक जोड काळपट उठतो. ५३५६ ची तार असेल तर रंग बराच जुळतो. फ्रेम बनवणारे आता आम्हाला आधी विचारतात, तेव्हा हे सांगता येतं.

आम्ही स्थिरावलो मेणावर. मायक्रोक्रिस्टलाइन मेण, पेट्रोलियमपासून निघणारं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात संग्रहातल्या वस्तूंसाठी याच जातीच्या मेणाचं मिश्रण तयार झालं, आणि संग्रहालयं ते आजही वापरतात. त्यात चमत्कार नाही. ते घासून झिजतं, पावसात लवकर उतरतं. पण उतरलं तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं, आणि ते मालकाला स्वतःच्या हाताने करता येतं. आमच्यासाठी हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. रोज पावसात फिरणाऱ्यांना आम्ही सिलिकाचं सिरॅमिक कोटिंग सुचवतो. ते जास्त टिकतं, मात्र काढायचं तर पॉलिशच करावं लागतं.

मेणाआधीची सफाई हीच खरी कारागिरी. बफिंग करताना मॉपला लावायच्या साबणाचा चिकट मळ वेल्डच्या कडेला, केबल स्टॉपच्या बेचक्यात, चाकाचा आस बसतो त्या ड्रॉपआउटच्या कोपऱ्यात अडकून बसतो. तो राहिला तर त्यावर मेण बसत नाही आणि नेमकं तिथूनच काळं पडायला सुरुवात होते. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, आणि त्यानंतर उघडा हात लावत नाही. मेणाचे दोन हात द्यायचे, दोन्ही पातळ, पहिला नीट सुकल्यावरच दुसरा. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्टेनलेस बोल्ट ग्रीस लावूनच बसवायचे, नाहीतर दोन धातूंच्या मधे ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं. आणि लोखंडी काथ्या या फ्रेमच्या आसपासही नको: त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि गंजतात.

टायटॅनियमला फारसं काही लागत नाही, बोटांचे ठसे पुसले की झालं. साधी स्टीलची फ्रेम उघडी ठेवायची कामं आम्ही घेत नाही.

फ्रेम नेताना मालकाला बसवून मेण लावायला शिकवतो. असं केलंत तर लोक परत कशाला येतील, असं हितचिंतक म्हणायचे. लोक येतात, दुसरी फ्रेम घेऊन. अलीकडे १९९० च्या दशकातल्या जीटी कंपनीच्या झास्कर सायकलसारख्या बॉल-बर्निश केलेल्या फ्रेमही येतात. त्यांचा पृष्ठभाग घासून नव्हे, तर गोळ्यांनी दाबून चकचकीत झालेला असतो. त्यांना आम्ही मॉप लावत नाही. हाताने सफाई आणि मेण, एवढंच. मॉप लागला की मूळचा पोत गेला, आणि तो आमच्याकडच्या कुठल्याच मशीनने परत येणार नाही.

सध्या जागेची फेररचना चालू आहे. मेणाची खोली बफिंगपासून पूर्ण वेगळी होतेय, कारण हवेतली धूळ ओल्या मेणावर बसते. ॲल्युमिनियम आणि स्टीलची बफिंग मशीनही वेगवेगळ्या खोल्यांत जातील, दोन्हींची धूळ ओढणारी यंत्रणा स्वतंत्र असेल. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते आणि स्टीलवरून ठिणग्या उडतात, त्यामुळे या कामात घाई करायची नाही असं ठरवलंय. ते पुरं होईपर्यंत नवीन फ्रेम कमीच घेतोय. जुन्या मालकांच्या फ्रेमचं मेण मात्र चालूच आहे.