मेथीतली कच

गेल्या रविवारी भाची कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या रूमवरून घरी आली. "मावशी, आज मेथी मी करते," म्हणाली. मला फार बरं वाटलं. पण जेवायला बसलो आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली कच आली. तिनं पेंडी सोडली, निवडली, बारीक चिरली आणि मग चाळणीत घालून नळाखाली धरली होती.

"धुतली की! आणि शेवटी शिजतंयच की ते."

हे 'शिजतंयच की' मी किती घरांत ऐकलंय! चांगलं शिजवलं की जंतू मरतात, खरं आहे. पण माती शिजून विरघळत नाही. पानावर बसलेलं फवारणीचं औषधही नुसत्या शिजवण्यानं सगळं जात नाही. शिवाय आपल्याकडे पाल्यातलं कितीतरी चुलीवर चढतच नाही. पिठलं-भाकरीबरोबर कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात. मिसळीवरची कोथिंबीर तर शेवटी वरूनच पडते.

ती पेंडी घरात येईपर्यंत कुठं कुठं टेकलेली असते ते बघा. काळ्या रानातून उपटलेली, कधी ओढ्याच्या पाण्यात बुचकळलेली, मग पोत्यात, टेम्पोत. मंडईत उन्हानं माल सुकू नये म्हणून भाजीवाल्या मावशी दिवसभर बादलीतलं पाणी शिंपडत असतात. त्यांचा दोष नाही, पण संध्याकाळी त्या बादलीच्या पाण्याचा रंग मी पाहिलाय.

मी इतकी काटेकोर झाले ती चुलत बहिणीमुळे. घरात कधी मटण-मासा शिजला नाही, आणि तिला अचानक फिट आली. स्कॅनमध्ये मेंदूत बारीक गाठ दिसली. डॉक्टरांनी आधी विचारलं ते कच्च्या भाज्यांबद्दल. फीतकृमी, म्हणजे डुकराच्या कच्च्या मांसातून येणारा लांब जंत, पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत, पाण्यात जातात, तिथून पाल्यावर. ती आपल्या पोटात गेली की अळी बाहेर पडते, रक्तातून मेंदूपर्यंत पोचते आणि तिथं गाठ धरते. डुक्कर न खाणाऱ्यालाही हे होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिला नेमकं कशातून झालं ते कुणी सांगू शकलं नाही. आज ती बरी आहे, पण गोळ्या बरेच महिने चालल्या.

म्हणून भाचीला आजीची रीत दाखवली. भाजी निवडायची, पण चिरायच्या आधी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हलवायची. दोन मिनिटं हात काढून घ्यायचा. कच तळाला बसते. मग भाजी दोन्ही हातांनी वरच्यावर उचलून रोवळीत टाकायची. पातेलं भाजीसकट उपडं करायचं नाही. तळाची सगळी कच परत पानांवर येते. असं तीनदा, पावसाळ्यात चारदा. चिरून धुतली तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, आतल्या हिरव्या अळ्या बाहेर येतात. बटाटा, काकडी, दुधी सोलायच्या आधी धुवायचे, नाहीतर सालीवरचं सुरीनं आत जातं. साबण मात्र कधीच नाही. झाडानं मुळातून शोषलेलं औषध धुऊन निघत नाही, हेही तिला सांगितलं. पण वरवरचं काही तरी निघतं, ते का सोडायचं?

"एवढं पाणी?" तिनं विचारलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराचं पाणी बंद होतं, टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहायचो. तेव्हा ताटाऐवजी पत्रावळीवर जेवलो, पण भाजी धुतली. भाजी धुतलेलं पाणी आजही कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.

काल तिनं पुन्हा मेथी आणली. तिसरं पाणी ओतलं, पातेल्याच्या तळाला बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर चार-पाच काळे कण होते. काही न बोलता तिनं चौथं पाणी घेतलं.