लेगसी

मंगळवार, रात्रीचे साडेबारा

एकच शब्द डोक्यात घोळतोय. लेगसी.

आमच्या डेटाबेसवर माझ्यासोबत काम करणाऱ्या कोल्हापूरकरने संध्याकाळी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. वर एका ओळीत: 'लेगसी मेसेजिंग लेयर काढून जीआरपीसी आणलं.' म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर मेसेज पोचवणारा, मी झीरोएमक्यू लायब्ररीवर लिहिलेला भाग काढून त्या जागी गूगलचं जीआरपीसी. उणे 1,900 ओळी, अधिक 700. लाल झालेल्या, म्हणजे काढलेल्या, ओळी जवळजवळ सगळ्या माझ्या, आणि रिव्ह्यूसुद्धा माझ्याच गळ्यात.

लेगसी, म्हणजे जुनाट, अडगळीतलं म्हणे! अजून तीन वर्षं झाली नाहीत. माझी घरातली चप्पल त्याहून जुनी आहे.

बदलाला माझा विरोध नाही. मागच्या महिन्यात कॉलवर 'करून टाका' म्हणणारा मीच. पण तेव्हा झीरोएमक्यू का घेतलं होतं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. एक लहानशी लायब्ररी, मध्ये ब्रोकर नाही, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक सर्व्हर सांभाळायचा ताप नाही. जीआरपीसी तेव्हाही बघितलं होतं; सी प्लस प्लसमध्ये त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी बिल्ड करताना लॅपटॉप इतका तापला की धाकटीने त्यावर हात शेकून घेतले. लायसन्सचा घोळही मीच निस्तरला. झीरोएमक्यूचं लायसन्स एलजीपीएल असलं तरी स्टॅटिक लिंकिंगला, म्हणजे लायब्ररी थेट आपल्या प्रोग्राममध्ये मिसळायला, सूट आहे, हे पटवायला तीन लांबलचक मेल लिहिले. (4.3.5 आवृत्तीपासून त्यांनी लायसन्सच बदलून एमपीएल केलंय. म्हणजे ते मेलही लेगसीच.)

कुणी विचारलंच नाही. फिरून फिरून तिथेच येतोय.

अर्थात विचारलं असतं तर दिवाळीचंही सांगावं लागलं असतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमचा डेटाबेस वापरणाऱ्या एकाचा निरोप आला, रेप्लिकात (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीत) तीन नोंदी कमी आहेत. एरर नाही, लॉग स्वच्छ. तीन रात्री गेल्या. मी सगळे बदल झीरोएमक्यूच्या पब सॉकेटवरून, म्हणजे एकाने पाठवायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं अशा वाटेने, पाठवत होतो. त्याची रांग ठरलेल्या मर्यादेला पोचली, आणि ती मर्यादा आपण बदलली नाही तर 1000 मेसेजची असते, की पुढचे मेसेज तो गपचूप टाकून देतो. थांबत नाही, ओरडत नाही. निरोप देणाऱ्याची रेप्लिका संथ, रांग भरली, नोंदी गेल्या. यात बगही नव्हता. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. शेअरच्या भावांसाठी हे चालतं, एखादा भाव हुकला तर पुढचा येतोच. डेटाबेसच्या नोंदी त्यावर सोडणारा शहाणा मी. मग प्रत्येक मेसेजला क्रमांक, पोच, पुन्हा पाठवणं, हार्टबीट (जिवंत असल्याची खूण), असं एकावर एक ठिगळ. त्या 1,900 ओळींतली बरीचशी ठिगळंच आहेत. आई दोनदा दारात येऊन गेली त्या रात्री. तिला काय सांगायचं होतं ते राहिलंच.

जेवण झाल्यावर इतर डेटाबेसवाल्यांची घरं बघत बसलो. कॅसँड्रा डेटाबेसशी बोलायची एकेकाळची मुख्य वाट थ्रिफ्ट. 2021 मध्ये 4.0 आवृत्तीत त्यांनी ती पार उखडली. मायएसक्यूएलचं ग्रुप रेप्लिकेशन (अनेक सर्व्हरवर एकच डेटा ठेवणं) सुरुवातीला दुसऱ्यांच्या कोरोसिंकवर होतं, मग त्यांनी स्वतःचं एक्सकॉम लिहिलं. आणि झीरोएमक्यू ज्याने उभं केलं तो मार्टिन सुस्त्रिक तर 2012 लाच म्हणून मोकळा झाला होता की हे सी प्लस प्लसऐवजी सीमध्ये लिहायला हवं होतं, आणि त्याने नॅनोमेसेज ही नवी लायब्ररी करायला घेतली. बापच हात झटकतो, तिथे मी तर नुसता भाडेकरू.

जरा बरं वाटलं. मग पॅच खरोखर तपासायला बसलो. नवीन नोड (सर्व्हर) आला की कोल्हापूरकर अख्खा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत, एकाच मेसेजमध्ये पाठवतो. जीआरपीसी येणारा मेसेज 4 एमबीपर्यंतच घेतं, आपण मर्यादा बदलली नाही तर. मुद्दाम 6 एमबीचा स्नॅपशॉट दिला. आपटलं. एरर आली: रिसोर्स एक्झॉस्टेड.

आणि मला आनंद झाला. चक्क आनंद. उठून पाणी प्यायलो. पंधरा मिनिटं तरी वाटत होतं, न बोलता मंजूर करावं. कळेल त्यालाही, दिवाळीत.

पण निदान हे ओरडतं तरी. माझं गपचूप गिळायचं.

लिहिलं शेवटी: 'मर्यादा वाढवू नकोस, स्ट्रीमिंग कर, तुकडे पाडून पाठव. बाकी चांगलं झालंय.' दोन मिनिटांत उत्तर. हा बाबाही जागाच. 'हो सर, करतो. सर, ते क्रमांक आणि पोच पाठवायचं तेवढं तुमचं होतं तसंच ठेवलंय. का आहे ते कळलं नाही, पण काढायची हिंमत झाली नाही. का आहे ते?'

आता यावेळी काय सांगत बसणार? उद्या फोन करतो म्हटलं.

'आणि लेगसीच्या जागी जुना असं लिही' हेही टाइप केलं होतं. मग खोडलं.