तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोसेसरचं नंतर बोलू

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, रात्री साडेदहाला फोनवर, हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. "मुलाला गेमिंगचा पीसी करून द्यायचाय. पन्नास हजार बाजूला काढलेत. कोणता प्रोसेसर घेऊ?" मी मिरजेत राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षं ओळखीपाळखीच्यांचे पीसी हौसेने जोडून देतो, म्हणून लोक विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत. तेव्हा घाईत होतो, "सावकाश सांगतो" म्हणालो होतो. ते आता सांगतो.

प्रोसेसरच्या आधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. मुलगा नेमका कोणता गेम खेळणार? मॉनिटर घरात आहे की तोही याच पन्नासात बसवायचाय? आणि पीसी जिथे ठेवणार तिथल्या थ्री-पिन सॉकेटला अर्थिंग आहे का? तिसऱ्या प्रश्नावर लोक गोंधळतात. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो.

2013 साली मी पहिला पीसी जोडला. पैसे वाचवायचे म्हणून कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (घरातली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा) तसाच ठेवला. त्यावर ठसठशीत '450 वॅट' लिहिलेलं होतं, मला तेवढं पुरलं. मे महिन्यातली दुपार. लाइट गेली, दहा मिनिटांनी आली आणि पंखा एकदम भरभर फिरायला लागला. पीसीतून फट् असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. एसएमपीएस गेलाच, जाताना मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात ती पाटी) आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते फोटो आमच्याकडे आजही नाहीत. आईने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, पण अल्बमचा विषय निघाला की ती उठून आत जाते.

त्यानंतर मी तो जळका डबा उलटा करून बाजूचा स्टिकर पहिल्यांदा नीट वाचला. तुम्हीही वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. स्टिकरवर एक तक्ता असतो: 3.3 व्होल्ट, 5 व्होल्ट, 12 व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली किती अँपिअर ते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या रकान्यातून घेतात. माझ्या एसएमपीएसवर तिथे 16 अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले सोळा, 192 वॅट. वर लिहिलेल्या 450 पैकी कामाचे एवढेच. चांगल्या 550 वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात 45 अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे 540 वॅट. '80 प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. आत व्होल्टेज वाढलं तर स्वतःहून बंद पडायची सोय आहे का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून शिक्क्यासोबत वॉरंटीही बघा. ज्यावर कंपनी पाच वर्षं देते तो घ्या. पन्नास हजारांतले चार हजार इथे जातात आणि त्यातला एक रुपयाही मी कमी करू देत नाही.

अर्थिंगचंही सांगतो. पीसीच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ना? बरेच जण ते 'थोडा करंट मारतो' म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या तोंडाशी बारीक कपॅसिटर असतात, ते विजेतला खरखराट अर्थिंगच्या तारेत सोडतात. ती तार पुढे जमिनीपर्यंत पोचलेलीच नसेल, तर तोच करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत थ्री-पिन सॉकेट दिसतं, पण त्याच्या वरच्या भोकात तारच नसते. इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग करून घ्या, मग पीसीचं बघू. यूपीएस घेणार असाल तर 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हेत, साधारण 360 वॅट असतात, हेही लक्षात ठेवा.

आता गेम. व्हॅलोरंटसारख्या गेमला भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, त्यात प्रोसेसरचा कस लागतो. जीटीए किंवा सायबरपंकसारख्या मोठ्या उघड्या जगाच्या गेमचं उलट, तिथे सगळा भार कार्डावर येतो. आणि हा भार मॉनिटरवर ठरतो. फुल एचडी मॉनिटर असेल तर एका चित्रात वीस लाखांवर ठिपके रंगवायचे असतात, फोर-के घेतलात की ते बरोबर चौपट होतात. पन्नास हजारांच्या पीसीला फुल एचडीच शोभतो. हे ठरलं की निम्मी यादी आपोआप तयार होते.

मे 2024 मध्ये भाच्यासाठी पीसी करायचा होता. तो पुण्यात डिप्लोमाला आहे, सुट्टीत आला होता. त्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली: आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड, सगळं मिळून 18 हजार. "मामा, हा आय-सेव्हन आहे, तुम्ही तर आय-थ्रीचं पण नाव घेताय." मी त्याला शेजारी बसवून ती यादी एकेक करून उलगडली. आय-सेव्हन (इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर, आय-थ्री त्याच कंपनीचा स्वस्तातला) खरा होता, पण मॉडेल 2600, म्हणजे 2011 सालचा. 2022 चा आय-थ्री 12100 एफ त्याला सहज मागे टाकतो. शिवाय इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपणार होता, आता संपलाही. कार्ड होतं जीटी 730, डीडीआर3 या जुन्या मेमरीचं. चार जीबी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्या मेमरीतून सेकंदाला तीस जीबीसुद्धा बाहेर पडत नाही. आरएक्स 6600 या कार्डात हाच आकडा 224 आहे. टाकी केवढीही असो, नळ करंगळीएवढा असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. असे पीसी गावोगाव विकले जातात, आणि ते घेणारे बहुतेक पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणारे आईबाप असतात. मला त्याचा फार राग येतो.

मॉनिटर त्याच्या वडिलांच्या ऑफिसातला जुना फुल एचडी होता, म्हणून पूर्ण पन्नास हजार आतल्या भागांना मिळाले. आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, मग लोकलने ग्रँट रोडला उतरून चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार. शनिवार होता. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. चार दुकानांत यादी दाखवली आणि प्रत्येकाकडून भाव कागदावर लिहून घेतला. तोंडी भाव परत आल्यावर बदलतो. प्रत्येक ठिकाणी "जीएसटी धरून का?" हेही विचारलं, कारण 18 टक्के मागाहून चढले की पन्नासाचे एकोणसाठ होतात.

शेवटी जमलं ते असं: रायझन 5 5600 प्रोसेसर 12 हजार, बी 450 मदरबोर्ड 5 हजार, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या रॅम (चालू कामापुरती मेमरी) 3,400, 500 जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायची वेगवान जागा) 3,100, आरएक्स 6600 कार्ड 20,500, एसएमपीएस 4 हजार, कॅबिनेट 2,700. एकूण 50,700. आज हे भाव मिळणार नाहीत. वाटणी मात्र डोक्यात ठेवा: पैशातले साधारण चाळीस टक्के कार्डाला गेले, प्रोसेसरला त्याहून बरेच कमी.

कार्डाचं थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. आठ जीबीच्या खाली आज नवीन कार्ड घेऊ नका. स्वस्तात आरएक्स 6500 एक्सटी दिसेल, नाव 6600 च्या जवळचं असल्याने लोक घेतात. ते बहुतेक चार जीबीचंच असतं आणि मदरबोर्डाशी फक्त चार लेनने, म्हणजे माहितीच्या चार वाटांनी, बोलतं. 6600 आठ लेनने बोलतं. बी 450 सारख्या जुन्या, पीसीआयई 3 च्या (कार्ड जोडायच्या जुन्या, हळू पद्धतीच्या) बोर्डावर या चार लेन अपुऱ्या पडतात आणि मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. आरटीएक्स 3050 चं तसंच. एकाच नावाखाली 2022 चं आठ जीबीचं आणि 2024 चं सहा जीबीचं, अशी दोन वेगळी कार्डं विकली जातात आणि सहावालं चांगलंच हळू आहे. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण समोर बसून. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांवर सतत गणितं करून चलन कमावणं) बंद झालं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगवालं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे झिजलेले असतात आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते. विकणाऱ्याच्या घरी जा, त्याच्याच पीसीवर वीस मिनिटं जड गेम चालवा, पंख्याजवळ कान न्या. घरघर ऐकू आली, पडद्यावर रंगीत चौकोन दिसले, की नमस्कार करून उठा. मूळ बिल आणि सिरियल नंबरचा स्टिकर नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी मी घेत नाही.

रॅमच्या बाबतीत मात्र माझं जुनं उत्तर आता बदललं आहे. 2024 मध्ये रॅम ही यादीतली सगळ्यात बिनघोर गोष्ट होती. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. त्यामुळे सध्या मी लोकांना वरच्या यादीतल्या बोर्डाला लागणाऱ्या डीडीआर4 रॅमचा सेकंडहँड जोड शोधायला सांगतो. रॅमची पट्टी सहसा झिजत नाही, ती चालते किंवा चालत नाही, आणि ते तासाभरात तपासता येतं. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या, दोन वाटांनी माहिती जाते. बसवल्यावर बायोसमध्ये (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डातला प्रोग्राम) जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा. ते केलं नाही तर 3200 वेगाची रॅम गुपचूप 2133 किंवा 2400 वर चालत राहते. मी असे कितीतरी पीसी बघितलेत, वर्षानुवर्षं तसेच चाललेले.

हातात तीसच हजार असतील, तर रायझनचाच 5600 जी प्रोसेसर घ्या. त्यात ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंट मजेत चालतो, कार्ड पुढच्या दिवाळीला. फक्त त्यातली कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) साध्या 5600 च्या निम्मी आहे, हे माहीत असू द्या. उलट इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' दिसला तर त्यात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. साध्या 5600 चंही तेच.

एसएसडी कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा चालेल. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच चाळीस अंशांवर जाते, आतलं तापमान त्यावर चढतं. जाळी दर महिन्याला ब्रशने झाडा.

जोडणी भाच्यानेच केली, मी नुसता शेजारी बसलो. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर नखाएवढा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळले की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नसतो. त्याने तो श्वास रोखून ठेवला आणि बोट मागे घेतलं. रॅम मात्र टक् आवाज येईपर्यंत दाबावी लागते, तिथे तो घाबरत होता. सगळं झालं, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. त्याचा चेहरा उतरला. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये होती. ती काढून खाली कार्डाच्या पोर्टमध्ये लावली. अजून काळाच. बी 450 बोर्ड 2018 चा, 5600 प्रोसेसर 2022 चा, बोर्डाची बायोस जुनी निघाली तर तो प्रोसेसर ओळखतच नाही. दुकानात ती अपडेट करून घ्यायला मी विसरलो होतो. सोमवारी सांगलीत एका दुकानात दोनशे रुपये देऊन करून घेतली. तुम्ही बोर्ड घ्याल तेव्हा बिल होण्याआधीच विचारा: "याच्यावर 5600 आत्ता चालू करून दाखवता का?"

तर आता तुमचं. मुलाला विचारून दोन-तीन गेमांची नावं लिहून पाठवा. मॉनिटरच्या मागचा मॉडेल नंबर पाठवा. घरात जुना पीसी पडून आहे म्हणालात, त्याचा एसएमपीएस वापरायचा विचार असेल तर त्याच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो उजेडात काढा, 12 व्होल्टचा रकाना वाचता आला पाहिजे. आणि इलेक्ट्रिशियन कधी येतोय तेही कळवा.