लहान बॅटरी ठणठणीत, तरी गाडी ‘रेडी’ होईना

माझी इलेक्ट्रिक गाडी रविवारी दुपारी पावणेतीनला ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, झाली. आता तिथपर्यंत कशी पोचले ते सविस्तर.

बिघाडाची लक्षणं अशी. गाडी चालवणारी मोठी बॅटरी ७१ टक्के, दारं उघडतात, स्क्रीन लागते. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की एक ‘टक्’ ऐकू येतं, स्क्रीन मिणमिणते, पिवळा दिवा लागतो आणि गाडी गप्प. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी उतरत आली की स्टार्टर घरघर करून आठवडाभर आधी सांगतो. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे पूर्वसूचनाही नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड रिले, बारा व्होल्टच्या लहान बॅटरीवरच ओढले जातात. आधी प्रीचार्जच्या (वीज हळूहळू सोडणाऱ्या) रेझिस्टरमधून इन्व्हर्टरचे, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या पेटीचे, कपॅसिटर भरतात, मग मुख्य कॉन्टॅक्टर बसतो, आणि तो बसल्यावरच डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारी पेटी, लहान बॅटरीला चार्ज द्यायला लागतो. बारा व्होल्टची वाट बिघडली की खाली शेकडो व्होल्ट भरलेले असूनही गाडी जागची हलत नाही.

मंगळवारी रस्त्यावर मदत करणारा एक माणूस बूस्टर, म्हणजे बाहेरून करंट देणारी बॅटरी, घेऊन आला. लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, काळा बॉडीच्या बोल्टला. गाडी लगेच रेडी! “बॅटरी गेलीय मॅडम, बदलून टाका.” मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बॅटरी काढून वागळे इस्टेटजवळच्या दुकानात नेली, तर टेस्टरने तिला चांगली म्हटलं. घरी मल्टिमीटरवर १२.५८. मग दोन संध्याकाळी किल्लीचा सेल आणि ब्रेकचा स्विच तपासण्यात गेल्या. ब्रेक दाबल्यावर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडत होता, म्हणजे स्विचही ठीक.

शनिवारी पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचे काका आले. कारखान्यात आयुष्यभर वायरिंग केलेला माणूस. म्हणाले, “अगं, पेट्रोलची असती तर धक्का मारला असता. व्होल्टेज लोड देऊन, म्हणजे करंट वाहत असताना, मोजलंस का?”

नव्हतं मोजलं. खरी गोष्ट इथेच होती. रविवारी काका आत बसले, मी बॉनेटखाली मल्टिमीटरचे प्रोब धरून. “काका, दाबा!” बटण दाबलेलं असताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.२, पण फ्यूज बॉक्सवर ९.४. मधले २.८ व्होल्ट वाटेतच गळत होते. मग एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरा बॉडीच्या उघड्या लोखंडावर. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं, आलं २.६. अर्थिंगची, म्हणजे ऋण टोक बॉडीला जोडणारी, वाट खराब! हे ओहमवर मोजून सापडलं नसतं. अशा जोडातला अडथळा एक-दोन दशांश ओहमचा असतो, आणि तेवढं तर साध्या मीटरच्या वायरीच दाखवतात. करंट वाहताना व्होल्टेज मोजणं हाच रस्ता.

मंगळवारचं कोडंही तिथेच सुटलं. बूस्टरचा काळा चिमटा बॉडीला लागला, खराब जोड बाजूला पडला, म्हणून गाडी उठली. तोच चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावला असता तर उठली नसती. त्या दिवशी गाडी रेडी असताना बॅटरीवर १३.३ दिसत होते आणि मी ते वहीत लिहून पुढे गेले होते. १४ च्या आसपास हवे होते, तेव्हाच थांबायला हवं होतं.

आधी गाडी पूर्ण बंद, हातातली अंगठी काढली, ऋण टोक सोडवलं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींच्या वाटेला गेले नाही. त्या आपल्या हातच्या नाहीत, तिथे प्रशिक्षित माणूसच हवा. अर्थिंगचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली. दहा नंबरच्या पान्याने जेमतेम फिरला. लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली रंग फुगलेला, पांढरट-हिरवी भुकटी, त्याखाली तपकिरी गंज आणि त्यावर चिकटलेली गुलमोहराची बारीक पानं. आमच्या सोसायटीत गाड्यांवर वर्षभर ती पडतात. काचेखालच्या जाळीतून आत जाऊन त्यांनी पाणी वाहून जाण्याची नळी बुजवली होती, आणि ठाण्याच्या पावसाचं पाणी थेंबाथेंबाने याच बोल्टवर. नळीत तार घातल्यावर काळं पाणी भसकन बाहेर आलं.

पॉलिश पेपरने लग आणि बॉडी चकाकेपर्यंत घासली, बोल्ट नवीन, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. पुन्हा “दाबा!” ऋण टोक ते बॉडी ०.०४. एक ‘टक्’, पाठोपाठ दुसरा ‘टक्’, आणि हिरवं ‘रेडी’. बॅटरीवर १४.१. काकांनी आतून हॉर्न वाजवला.

सोमवारपासून रोज सकाळी बॉनेट उघडून आकडा लिहिते: १२.६६, १२.६४, १२.६५. गाडी झोपल्यावर किती मिलिअँपिअर खाते ते अजून मोजायचंय. त्यासाठी अर्धा तास तरी तिला न छेडता ठेवायला हवं, येत्या शनिवारी करते. जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा बसवलाय, पानं किती अडतात ते पाऊस झाल्यावर कळवेन.