पार्किनचं कुलूप आणि माझा सेमिनार

एम.एस्सी.च्या सेमिनारला युबिक्विटिन लायगेझ (प्रथिनांवर 'हे मोडा' अशी युबिक्विटिनची खूण चिकटवणारं एन्झाइम) घेते म्हटल्यावर वर्गातून सल्ला आला, "तीन बाण काढ, संपलं." तीन एन्झाइमांची साखळी: ई-वन युबिक्विटिनला चेतवतं, ई-टू वाहून नेतं, ई-थ्री म्हणजे लायगेझ ते नेमक्या प्रथिनावर चढवतं. याच साखळीला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मॅडमनी विचारलं, "माणसात सहाशेच्या वर ई-थ्री आहेत. सगळी कायम चालू राहिली तर पेशीत उरेल काय गं?" तिथून विषय बदलला: ई-थ्री बंद कसं राहतं?

मी पार्किन हे ई-थ्री निवडलं. ४६५ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याच्या जनुकात बिघाड असला तर तरुण वयातही पार्किन्सन्स होऊ शकतो, हे १९९८ पासून माहीत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून २०१३ चे रचनेवरचे पेपर वाचले. चौकोनांच्या आकृत्यांवरून काही उमगेना. शेवटी होस्टेलवर पायमोल या प्रथिनांची त्रिमितीय रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रचनाच उघडली. २०१३ ची पूर्ण लांबीची फाइल घेऊ नका. तिचं रेझोल्यूशन ६.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे फारच ढोबळ आहे, साइड चेन (अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्या) ओळखूच येत नाहीत. सुरुवातीचा यूबीएल (युबिक्विटिनसारखा) भाग वगळून केलेली रचना कितीतरी स्वच्छ आहे.

पार्किनच्या रिंग-झिरो, रिंग-वन, रिंग-टू अशा भागांपैकी रिंग-झिरो निळं केलं, रिंग-टू लाल. ज्या सिस्टीन या अमिनो आम्लावर युबिक्विटिन क्षणभर बसतं, ते ४३१ क्रमांकाचं, लाल भागात आहे आणि निळा भाग त्याला खेटून बसलाय. शिवाय 'रेप' नावाचा छोटा पट्टा रिंग-वनवर आडवा. ई-टू बसायची जागा नेमकी तीच! त्या पट्ट्यातल्या ४०३ क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅनच्या जागी अ‍ॅलनिन घातलं की पकड सुटते आणि एन्झाइम जागं होतं.

सायबर चौकात चहा पिताना गडहिंग्लजच्या रूममेटला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे ह्यो गडी सोताच सोताला बांधून बसलाय व्हय?" माझ्या इंग्रजी स्लाइडपेक्षा हे बरं होतं.

मग सोडवतं कोण? मायटोकॉन्ड्रिया बिघडला की त्यावर पिंक-वन हे एन्झाइम साचतं आणि युबिक्विटिनच्या ६५ व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. ते युबिक्विटिन पार्किनला चिकटलं की यूबीएल सैल होतो. मग यूबीएलच्याही ६५ व्या सेरीनवर फॉस्फेट बसतं (दोन्हीकडे ६५च, पाठांतराला सोयीचं), तो रिंग-झिरोवर जाऊन बसतो, रिंग-टू सुटतं आणि सिस्टीन उघडं पडतं. हा क्रम सांगायलाच माझा निम्मा वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

प्रश्नोत्तरांत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "बाकीच्या ई-थ्रींचं काय?" मी कलिन या दुसऱ्या ई-थ्री गटाचं उदाहरण दिलं: तिथं नेड-एट हे युबिक्विटिनसारखंच छोटं प्रथिन कलिनला जोडलं गेलं की रिंगचा भाग मोकळा होऊन हलायला लागतो. सरांनी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.