क्रॉसिंगला थांबलेली गाडी

कणकवलीला जायचं ठरलं की घरातले मला मांडवी एक्स्प्रेसचं, नाहीतर वंदे भारतचं तिकीट काढून द्यायला बघतात. मला मात्र दिवा-सावंतवाडीच आवडते. सकाळी लवकर दिव्याला पोचायचं, खिडकी धरायची आणि कधी पोचणार हा प्रश्न तिथेच सोडून द्यायचा.

ही गाडी रेंगाळते, कारण कोकण रेल्वे बहुतेक एकेरी आहे. रोहा ते वीर दुसरा रूळ पडला, पण त्यापुढे समोरून कोणी येत असेल तर एकाला बाजूला व्हावंच लागतं, आणि बाजूला व्हायचा मान नेहमी आमच्याकडे. हेच क्रॉसिंग. गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात. मग करंजाडी, विन्हेरे, कडवई, उक्षी अशी स्टेशनं नीट बघायला मिळतात. एक्स्प्रेसमधून त्यांच्या पाट्यासुद्धा धड वाचता येत नाहीत.

अशा थांब्यावर डबा जागा होतो. पुरुष खाली उतरून आळस देतात, कोणी नळावर बाटल्या भरतं, पोरं आईची नजर चुकवून दरवाजापर्यंत जातात. समोरच्या बाकावरची आजी इतका वेळ गप्प असते, ती आता विचारते, "गो बाय, खंय जातंस?" कणकवली म्हटलं की वाडी, आडनाव, माहेर सगळं निघतं आणि कुठेतरी एक ओळखीचं घर सापडतंच. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बटाट्याची सुकी भाजी माझ्या हातावर येते, माझे बेसनाचे लाडू तिकडे जातात.

एकदा शेजारच्या रुळावर रो-रो उभी होती. 1999 पासून कोलाड ते वेर्णा अशी मालट्रकची ने-आण रेल्वेने होते. ट्रक सपाट वॅगनवर चढवतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून प्रवास करतात. माझ्या खिडकीसमोर आलेला ड्रायव्हर बाजूच्या आरशात बघून दाढी करत होता. अर्धा गाल फेसाचा, खांद्यावर टॉवेल. एरवी घाटात रात्रभर स्टिअरिंग आवळून बसणारा माणूस इतका निवांत बसलेला बघून मला फार बरं वाटलं. आमच्या डब्यातल्या एकाने विचारलं, "कुठवर?" त्याने वस्तरा हातात धरूनच दक्षिणेकडे बोट केलं.

तेवढ्यात रूळ वाजायला लागतात. "इली, इली!" म्हणत सगळे मागे सरकतात. एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, धूळ खाली बसते, सिग्नल मिळतो आणि उतरलेले लगबगीने वर चढतात.

उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. आत शिरताच गारवा अंगावर येतो, पोरं ओरडायला लागतात आणि त्यांचा दम संपतो तरी बोगदा संपत नाही. 2022 मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली, त्यामुळे विजेचं इंजिन असलं की डिझेलचा धूर आता डब्यात कोंडत नाही. रत्नागिरीनंतर पानवल नदीचा पूल येतो. 64 मीटर उंच. तिथे मी कितीही झोपेत असले तरी उठून खाली बघते. एवढ्या दऱ्याखोऱ्यांतून रूळ टाकून 1998 मध्ये ही रेल्वे सलग सुरू केली, त्या इंजिनीअर-मजुरांबद्दल मला दर खेपेला आदर वाटतो. आणि पावसाळ्यात दरडीच्या जागी छत्री सांभाळत रूळ तपासणाऱ्या गस्तवाल्यांबद्दल जास्तच. गाडी त्यांच्याजवळून हळू जाते तेव्हा मी हात हलवते. बहुतेक जण हसून हात करतात.

मे महिन्यात या गाडीने जाणार असाल तर दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बायका खिडकीशी येतात, आणि पर्स उघडेपर्यंत गाडी हलते.